जवसाच्या तेलातला शेंदूर

बोरीच्या शिवारात विमान उतरलं तेव्हा मी हैदराबादला होतो. ते उतरताना ज्यांनी पाहिलं त्यांनी पुढे मला अनेकदा सांगितलं, आणि प्रत्येकाचं सांगणं थोडं वेगळं होतं. कुणी म्हणायचं एका बाजूनं काळा धूर निघत होता. कुणी म्हणायचं आवाजच बंद पडला होता, नुसता वारा फाटल्यासारखा सूं सूं यायचा. एवढं मात्र सगळ्यांचं सारखं होतं, की ते तूर काढून मोकळ्या झालेल्या एका मोठ्या काळ्या रानात टेकलं, ढेकळांवरून उड्या मारत गेलं, उजवं चाक बांधाला अडून गर्रकन फिरलं आणि थांबलं. आतून दोन वैमानिक उतरले, प्यायला पाणी मागितलं आणि संध्याकाळच्या मोटारीनं परभणीकडे निघून गेले.

हैदराबाद संस्थानाच्या विलीनीकरणाला तीन-चार वर्षं झाली होती. विमान एका खासगी कंपनीचं होतं, टपाल आणि माल नेणारं, दोन इंजिनांचं. मी त्या कंपनीच्या कारखान्यात रंगारी होतो. रंगारी म्हटलं की लोकांना पाट्या रंगवणारा वाटतो. माझं काम वेगळं होतं. विमानाच्या धातूला गंज लागू नये म्हणून जे जे लेप द्यायचे ते मी द्यायचो, आणि त्यातही इंजिनाच्या तापणाऱ्या भागांचे लेप. हे काम माझ्याकडे आलं ते वडिलांमुळे. सेलूच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये ते बॉयलरवर होते. बॉयलरच्या धुराड्याला दर वर्षी रंग द्यावा लागे आणि दर वर्षी तो जळून जाई. तापलेल्या लोखंडावर काय टिकतं आणि काय टिकत नाही, हे मी तिथं बघून शिकलो होतो.

इंजिन चालू असताना धूर बाहेर नेणारे पोलादी नळ लाल होईपर्यंत तापतात. साधा रंग त्यावर पापुद्रे होऊन उडून जातो. मग उघड्या धातूला धूर, ओल आणि हवा मिळून खायला लागतात. म्हणून त्यावर चंदेरी लेप द्यायचा. ॲल्युमिनियमची पिठासारखी बारीक पूड एका खास तेलात कालवलेली असायची. हा लेप उन्हात वाळत नसे, त्याला ताप लागे. पातळ हात द्यायचा, नळ भट्टीत हळूहळू तापवायचा, म्हणजे तेल जळून जायचं आणि पूड पोलादाला घट्ट धरून बसायची. न तापवलेला लेप पहिल्या पाण्यानं धुऊन जाई.

विमान उतरल्याच्या आठव्या दिवशी आमच्या इंजिनिअर साहेबांनी मला बोलावलं.

"तुम्हारा मुल्क उधर ही है ना?"

"सेलू, साहेब. तिथून जवळच."

"तो तुम चलो. पंखे मुड़ गए, एक इंजिन गया. सामान आते ही वहीं ठीक करेंगे और उड़ा के लाएंगे. तब तक जंग नहीं लगना चाहिए. तीन हफ्ते, ज्यादा से ज्यादा महीना."

साहेब माझ्याबरोबर बोरीला आले. विमानाभोवती दोन चकरा मारल्या. रानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पावलं मोजली आणि शेतमालकाला बोलावून घेतलं. शेतमालक पन्नाशीचा, उंच, जरा पोक आलेला माणूस होता. साहेबांनी मला सांगितलं, आणि मी त्याला मराठीत सांगितलं, की विमानाच्या समोरची सरळ पट्टी मोकळी ठेवायची. उडताना विमानाला तेवढी धाव लागते. पट्टी म्हणजे त्याचं जवळजवळ अर्धं रान होतं.

तो पट्टीकडं बघत म्हणाला, "किती दिस?"

"तीन आठवडे."

"मंग काय. मिरगाला लय दिस हायेत." आणि हसून म्हणाला, "आमच्या रानातून विमान उडणार म्हणा की."

साहेब निघून गेले. मी राहिलो. माझ्याजवळ लेपाचे दोन डबे, पत्र्याला आधी द्यायच्या पिवळ्या अस्तराचा एक छोटा डबा, ब्रश, तारेचे ब्रश, रॉकेल, सिलेंडरमध्ये ओतायचं जाड तेल आणि एक ताडपत्री होती. शेतमालकानं मला त्याच्या आखाड्यात जागा दिली. रानातल्या गोठ्याला आमच्याकडं आखाडा म्हणतात. अर्ध्या भागात कडबा होता, अर्ध्या भागात माझी बाज. चार दिवसांत मी त्याला मामा म्हणायला लागलो आणि त्याच्या बायकोला मामी. मामी दुपारची भाकर रानात घेऊन यायच्या, तेव्हा माझीही आणायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी विमानाला लांबूनच हात जोडले होते. आठवड्यानं त्या त्याच्या चाकाला टेकून बसून भाकर खायच्या.

आधी मी सिलेंडरमध्ये तेल ओतून तोंडं बंद केली. मग दोन्ही इंजिनांचे धुराचे नळ सोडवले. लहानमोठे चौदा तुकडे होते. उतरताना माती आणि खडे उडून त्यांच्यावरचा जुना लेप जागोजागी निघाला होता आणि तिथं तांबूस डाग धरायला लागले होते. ते मी तारेच्या ब्रशनं घासले, रॉकेलनं धुतले. लेप द्यायला घेतला आणि मग हात थांबला. तापवायचं कशावर? साहेब म्हणाले होते, इंजिन चालू झालं की आपोआप पकेल. पण इंजिन चालू कधी होणार? आणि तोवर एक वळीव आला तरी सगळं धुऊन जाणार.

ते मी मामीला बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, "तापवायचंच हाय ना? मंग कुंभाराकडं न्या."

मला हसू आलं. नंतर विचार केला आणि हसू गेलं. दुसऱ्या दिवशी मामांच्या बैलगाडीत कडबा पसरून, त्यावर लेप दिलेले नळ ठेवून आम्ही गावच्या कुंभाराकडे गेलो. कुंभार म्हातारा होता, सगळे त्याला तात्या म्हणायचे. त्यानं नळ उलटापालटा करून पाहिला, बोट लावलं, बोटाला चंदेरी लागलं.

"किती ताप पायजे?"

मला आकडा माहीत होता, पण आकडा सांगून काय उपयोग. मी म्हणालो, "तव्यावर चिमूटभर पीठ टाकलं तर तांबूस व्हावं, जळू नये, एवढा. आणि हळूहळू चढावा."

"असं सांगा की. भरल्या आव्यात न्हाई जमायचं, वितळंल समदं. आवा उतरला की राखंच्या धगीवर धरू."

त्याचा आवा, म्हणजे मडक्यांची भट्टी, दोन दिवसांनी निघाला. मडकी काढून झाल्यावर गरम राखेत, खापरांच्या आडोशानं, त्यानं चौदाही नळ असे मांडले की एकाचा दुसऱ्याला स्पर्श होणार नाही. मधूनमधून काठीच्या टोकाला खापर बांधून त्यावर पीठ ठेवायचा, आत धरायचा, बाहेर काढून रंग बघायचा. एका बाजूला ताप कमी वाटला तर दोन गोवऱ्या सरकवायचा. पिठाचा रंग बघून बोलायचा, "अजून न्हाई. अजून न्हाई. आता हाय बगा." पहिल्यांदा तेलाचा घाण वास येऊन धूर निघाला, मग धूर थांबला. दुसऱ्या दिवशी सकाळी नळ बाहेर काढले. एकसारखे, मळकट चंदेरी, हात फिरवला तर कोरडे. मी विटेचा तुकडा घेऊन एक नळ घासला. विटेची लाल भुकटी पडली, लेप तसाच.

हैदराबादच्या भट्टीतही असं काम माझ्या हातून कधी झालं नव्हतं. तात्याला मी ते सांगितलं. तो म्हणाला, "मडक्यापरीस सोपं हाय. हे फुटत तरी न्हाई."

तेवढे पाच-सहा दिवस माझे फार चांगले गेले. मी नळ परत चढवले, साहेबांना लांबलचक पत्र लिहिलं. त्यात कुंभाराचं नाव, आव्याची रीत, सगळं लिहिलं. उत्तर आलं ते एका ओळीचं होतं. सामान लवकरच येत आहे, थांबा.

मग महिना संपला. मी दर आठवड्याला पत्र टाकत होतो. पोस्टात जाऊन विचारायचो. पोस्टमास्तर मला बघितलं की लांबूनच मान हलवायचा.

मिरगाचा पाऊस वेळेवर आला. मामांनी पट्टी सोडून बाकीच्या रानात कापूस लावला, तूर पेरली. पट्टीत नुसता वरवर वखर फिरवून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी बी बांधलेलं पोतं खांद्यावर घेऊन ते माझ्या बाजेशी आले.

"पेरू का?"

मी म्हणालो, "मामा, दोन दिवस थांबा. परवा टपाल येतंय."

टपाल आलं, माझं काही नव्हतं. ते परत आले. "पेरू का?"

मी काय सांगायला हवं होतं ते आता मला कळतं. पेरा, म्हणायला हवं होतं. पण समजा मी पेरा म्हणालो आणि चार दिवसांनी साहेब माणसं घेऊन आले, तर उगवलेलं सगळं चाकाखाली जाणार. आणि माझी नोकरीही. मी फक्त रंग लावणारा माणूस. पट्टी मोकळी ठेवा हा हुकूम मी दिला नव्हता आणि तो मागे घ्यायचा अधिकारही मला नव्हता. मी म्हणालो, "अजून एक टपाल बघू."

असं तीन आठवडे चाललं. ते कधी चिडले नाहीत. रोज विचारायचे, मी रोज सांगायचो, आणि ते पोतं तसंच परत घेऊन जायचे. एक दिवस ते आले आणि विचारलंच नाही. माझ्या बाजेवर बसले, तंबाखू मळली, म्हणाले, "आता पेरून काय उपेग न्हाई. वेळ गेली." पट्टीत त्या वर्षी गवत झालं.

साहेबांचं पत्र नाहीच आलं. पुढे आलेल्या एका कारकुनाच्या चिठ्ठीत एवढंच होतं की कंपनी दुसऱ्यांच्या हातात जायच्या गोष्टी चालल्या आहेत, निर्णय झाला की कळवू, विमानाची काळजी घ्यावी. माझा लेप संपला होता. अस्तराचा डबाही संपला होता. नवे डबे पाठवा म्हणून मी दोनदा लिहिलं होतं.

आषाढात पाऊस लागून राहिला. काळ्या मातीची ओल वर चढत होती. विमानाच्या पत्र्याला पांढरी बुरशीसारखी भुकटी धरायला लागली, ती मी रोज पुसायचो. पण खरी काळजी पायांची होती. चाकं धरणारे पोलादी पाय आणि इंजिन तोलणाऱ्या नळ्या, जिथं चिखल उडून बसला होता तिथं गंजानं खवले सोडले होते. तिथं ताप पोचत नाही, तेव्हा चंदेरी लेपाची गरज नव्हती. तिथं शेंदूर चालतो. लोखंडाला गंज लागू नये म्हणून पुलांना, जहाजांना जो लाल रंग देतात तो शेंदूरच असतो, जवसाच्या तेलात कालवलेला. हे मला चांगलं माहीत होतं. मी परभणीच्या बाजारातून शेंदूर आणला. तेलाचं मामांना विचारलं.

"जवसाचं? घरचंच हाय की. कालच घाण्यावरनं आणलंय."

त्यांनी पितळी तांब्या भरून तेल दिलं. मी शेंदूर कालवला, घोटला, आणि दोन दिवसांत दोन्ही पाय, नळ्या, सगळं लाल करून टाकलं. मामी म्हणाल्या, "मारुतीच दिसायलाय की ओ." येणारे-जाणारे खरंच हात जोडून जायला लागले.

तेलातला शेंदूर कोरड्या हवेत दोन दिवसांत वाळतो. पावसाच्या हवेत तो आठवडाभर ओला राहिला. मी रोज बोट लावून बघायचो.

कोळपणी चालली होती. मामांची लाल कंधारी जोडी होती, त्यांनी स्वतः वाढवलेली. दुपारच्या सुट्टीत ते बैल सोडून विमानाच्या पंखाखाली बांधायचे. आखाड्यात कडबा आणि माझी बाज होती, रानात दुसरी सावली नव्हती. उन्हाळ्यापासून ते तसंच बांधत आले होते, आणि मला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही. बैल चाकापाशी उभे राहून रवंथ करायचे, मान घासायचे.

एका सकाळी मामा म्हणाले, "उजव्याकडचा बैल वैरण खायना."

मी जाऊन बघितलं. बैल दात खात उभा होता, करकर आवाज येत होता. डोळ्यांपुढं हात नेला तर पापणी हलली नाही. मानेची कातडी थरथरत होती. दुपारी त्याला सोडलं तेव्हा तो सरळ जाऊन आखाड्याच्या कुडाला डोकं लावून उभा राहिला, आणि ढकलत राहिला, जणू पलीकडं वाट आहे. मामा त्याला वळवायचे, तो परत तिथंच.

शेजारच्या शेतकऱ्यांनी बघितलं आणि म्हणाले, पान लागलं असंल. म्हणजे साप चावला असेल. एकानं मंत्र घालणारा माणूस बोलावला. मी विमानाकडे गेलो. डाव्या पायावर, बैलाच्या तोंडाच्या उंचीवर, वीतभर जागा स्वच्छ होती. पोलाद दिसत होतं. कडेला जिभेचे फराटे होते.

कारखान्यात आम्हाला शेंदरी रंगाचं काम झालं की साबणानं हात घासून घेतल्याशिवाय जेवणाचा डबा उघडू देत नसत. आमच्यातल्या एका वयस्कर माणसाचे दोन्ही हात मनगटातून लुळे पडले होते. शेंदरात शिसं असतं, आणि ते चवीला गोडसर लागतं असं तो म्हणायचा. हे सगळं मला माहीत होतं. फक्त बैलाला जीभ असते, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

मी तसाच रस्त्यावर गेलो, आलेली मोटार धरली आणि जिंतूरला उतरलो. जनावरांच्या दवाखान्यातला सलोत्री दौऱ्यावर गेला होता. कंपाउंडर होता. मी त्याला शिसं पोटात गेलंय म्हणून सांगितलं. त्यानं जुलाबाच्या मिठाचं पुडकं बांधून दिलं.

"पाण्यात घालून पाजा. हे लवकर पोटात गेलं असतं तर बरं झालं असतं. कवा चाटलंय?"

"माहीत नाही. चार दिवस झाले असतील."

"मग पाजा," तो म्हणाला. त्याच्या आवाजावरून मला कळलं.

परतीची मोटार तीन तासांनी होती. मी आखाड्यावर पोचलो तेव्हा दिवस कलला होता आणि बैल आडवा पडलेला होता. मामांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं. मी मीठ कालवलं. बांबूच्या नळीनं पाजायचा प्रयत्न केला, ते घशाखाली उतरेना, बाजूनं सगळं वाहून गेलं. मामी त्याच्या पोटावर हात फिरवत होत्या. पाय झाडले, थांबले, परत झाडले. पुडकं अर्धं माझ्या हातातच राहिलं.

दुसऱ्या सकाळी माणसं जमली. कातडं काढायला, मांस न्यायला आलेल्यांना मी हात जोडून सांगितलं की ह्याला विष चढलंय, कुणी खाऊ नका, पुरा. त्यांनी मामांकडं बघितलं. मामा म्हणाले, "ते म्हणायलेत तर पुरा." बांधाकडेला खड्डा घेतला. सगळे गेल्यावर मी त्यांच्याजवळ गेलो. न सांगताही चाललं असतं. सगळं गाव साप म्हणतच होतं.

"मामा, पान न्हाई लागलं. त्यानं माझा रंग चाटलाय."

त्यांना आधी कळलंच नाही. "शेंदूर? शेंदूर तर देवाला लावत्यात."

"त्यात शिसं असतं. पोटात गेलं की असंच होतं."

"तुमाला ठावं होतं?"

"ठावं होतं."

ते खाली बघत होते. फावड्याच्या दांड्याला लागलेली माती अंगठ्यानं काढत होते. "मंग सांगितलं कामून न्हाई?"

"ध्यानातच आलं न्हाई, मामा. जनावर चाटंल असं मनातच आलं न्हाई."

मला वाटलं आता ते मला हाकलून देतील, आणि दिलं असतं तर बरं झालं असतं. पण ते म्हणाले, "तेल म्याच दिलं व्हतं." मग फावडं उचलून खड्ड्यावरची माती नीट करायला लागले. मी मदतीला गेलो तर हातानं नको म्हणाले.

त्याच दिवशी मी तारेचा ब्रश आणि पटाशी घेऊन सगळा शेंदूर खरवडायला घेतला. जवसाचं तेल आता कुठं धरायला लागलं होतं, त्यामुळं फार अवघड गेलं. दोन दिवस लागले. खरवड डब्यात भरून खोल पुरली. पाय परत उघडे पडले आणि संध्याकाळच्या हवेनंच लालसर दिसायला लागले. त्यांना लावायला माझ्याजवळ काही नव्हतं. मी नुसती ताडपत्री बांधली.

मामी चार दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. भाकर मात्र यायची, फडक्यात बांधून, बाजेवर ठेवलेली. पाचव्या दिवशी त्यांनी विचारलं, "तुमच्या सायबाला पत्र लिवलं का?"

"लिहिलं, मामी. बैलाचंही लिहिलं."

"काय म्हणले?"

"काहीच नाही."

"त्यांना म्हणावं, आमाला कायबी नगं. तेवढं घेऊन जावा म्हणावं."

तेही मी लिहिलं. राहिलेली कोळपणी मामांनी मेव्हण्याचा एक बैल आणून केली. तो बैल ह्या बैलाशी जुळत नव्हता, तासं वाकडी जायची. मी एक दिवस कोळप्याला हात लावला, मला ते जमेना. पिकातून दोन ओळी कापून काढल्यावर मामांनी माझ्या हातातलं काढून घेतलं.

दसऱ्याच्या आधी पत्र आलं. साहेबांचं नव्हतं. कुणा नव्या माणसाची सही होती. विमान मोडीत काढण्यात आलं आहे, ठेकेदार येईल, त्याला सहकार्य करून तुम्ही परत यावं. मी ते तिथंच पोस्टाच्या ओट्यावर दोनदा वाचलं. पोस्टमास्तर म्हणाला, "आलं ना एकदाचं?" मी हो म्हणालो.

ठेकेदार ट्रक आणि दहा माणसं घेऊन आला. मला वाटलं होतं, निदान जोड उघडून, बोल्ट काढून सोडवतील. त्यांनी कुऱ्हाडी काढल्या. पंखांवर उभं राहून ते पत्रा लाकडासारखा फोडत होते, प्रत्येक घावाला सगळं विमान वाजायचं. गावातली माणसं बांधावर बसून बघत होती. तात्या कुंभारही आला होता. इंजिन खाली पाडलं तेव्हा धुराचे नळ घणानं ठोकून तोडायला लागले. मी पुढं झालो.

"हे नट काढून सोडवता येतात. मी देतो सोडवून. नवे आहेत."

ठेकेदारानं एक नळ हातात घेऊन बघितला, नखानं खरवडला. "अरे, ये तो एकदम नया है! किसने बनाया?"

मी तात्याकडं बोट केलं. ठेकेदाराला मी चेष्टा करतोय असं वाटलं. तो हसला आणि नळ ढिगावर फेकला. "सब भट्टी में जानेवाला है, भाई. नया क्या, पुराना क्या." तात्यानं ते ऐकलं की नाही मला माहीत नाही. तो थोड्या वेळानं उठून गेला.

तीन दिवसांत विमान संपलं. ट्रकच्या चार खेपा झाल्या. रानात तेलाचे काळे डाग, चाकांचे दोन खड्डे आणि पत्र्याच्या ठिकऱ्या राहिल्या. कुऱ्हाडीनं तोडल्यामुळं ठिकऱ्या पानांएवढ्या, नखांएवढ्या, कडेला पात्यासारखी धार असलेल्या. ठेकेदार म्हणाला, बारीक माल आम्ही उचलत नाही.

रब्बीची ज्वारी पेरायची वेळ आली होती. मामांना पट्टी आता तरी हवी होती. पण ह्या ठिकऱ्यांवर अनवाणी माणूस आणि जनावर कसं घालणार? मी दोन दिवसांची रजा पत्रानं कळवली आणि टोपली घेऊन वेचायला बसलो. मामीही आल्या. आम्ही ओळीनं बसून सरकत गेलो, गवत हातानं फाकून बघत. एक टोपली भरली, दोन भरल्या. वर दिसणारं सगळं संपलं तेव्हा मामांनी वखर घातला, आणि वखराच्या मागं मातीतून परत चकाकत वर आलं. आम्ही परत वेचलं. त्यांनी आडवा वखर घातला, परत वर आलं. मेव्हण्याच्या बैलाच्या खुराला कापून रक्त आलं, तेव्हा मामांनी वखर थांबवला.

मामी कंबर धरून उठल्या. "किती हाय ओ हे अजून?"

मी बसून वेचत राहिलो. माझ्या बोटांना सगळीकडं कापलं होतं, मामींच्याही. संध्याकाळी मामा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या आता. तुमची मोटार हाय उद्या."

"पण मामा, पेरणीचं..."

"बगू. वेचता वेचता पेरू."

सकाळी ते मोटारीपर्यंत आले. माझी ट्रंक त्यांनीच उचलली होती, मला घेऊ दिली नाही. मोटार यायला उशीर झाला. आम्ही रस्त्याच्या कडेला उभे होतो. मला म्हणायचं होतं की मी परत येईन, बैलासाठी काहीतरी करीन, साहेबांना भेटून सांगीन. ह्यातलं काहीच माझ्या हातात नाही हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही, म्हणून मी ते म्हणालो नाही. मोटार आली. मी पाया पडलो. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, मग माझी बोटं उलटी करून बघितली आणि म्हणाले, "हाताला त्याल लावा. कापलेलं चिघळंल."

हैदराबादला पोचलो तेव्हा साहेब दुसरीकडं गेले होते. कारखान्याच्या दारावर नवी पाटी होती. मी पत्रांचा विषय काढला. तिथल्या कारकुनानं एक फाईल उघडून दाखवली, त्यात माझी सगळी पत्रं होती, एकावर एक दोऱ्यानं शिवलेली. कुंभाराचं पत्र होतं, बैलाचं होतं, मामींचा निरोप होता. प्रत्येकावर आल्याचा शिक्का होता आणि कोपऱ्यात, एकाच अक्षरात, 'पाहिले' असं लिहिलेलं होतं.